एका माणसाचा कट्टा

रविवारी सकाळी सात ते अकरा या चार तासांत काहीही न करणे, एवढीच माझी मागणी होती. ती मी कोणाकडे लेखी केली नाही ही माझी पहिली चूक. परंतु घरातल्या माणसांकडे लेखी मागण्या करण्याची पद्धत आमच्या करवीरात अद्याप रूढ झालेली नाही.

माझे वय त्या वेळी चोपन्न होते. पुण्यास इंजिनियरिंगचे शिक्षण घेऊन परत आल्यापासून माझी सारी हयात दरबारच्या चाकरीत रस्ते, मोऱ्या आणि पूल मोजण्यात गेली होती. महाराजांच्या कारकिर्दीत कामे इतकी निघाली की सोमवार ते शनिवार टेप माझ्या हातातून सुटत नसे. ओव्हरसियर हा हुद्दा आमच्या गल्लीच्या जिभेला जड पडल्यामुळे सर्वजण मला ‘वरशेरसाहेब’ म्हणत, आणि मीही ते दुरुस्त करणे सोडून दिले होते. अशा माणसाने आठवड्यातून चार तास स्वस्थ बसावे, यात अवास्तव काय आहे?

घरात स्वस्थ बसणे शक्य नव्हते. मी ओसरीवर पाय लांब केले की आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, समोर येऊन उभी राही आणि म्हणे, “बसलाईस न्हवं नुसता? मग ह्या शेंगा फोडून ठेव की.” शेंगा संपल्या की वरच्या फळीवरचा डबा खाली येई, डब्यामागून बोथट झालेले जाते टाकवून आणण्याची गोष्ट निघे. आमचे कुटुंब, सौ. बयाबाई, तोंडाने काही सांगत नसत. त्या माझ्या शेजारची जागा झाडायला घेत, आणि झाडता झाडता केरसुणी माझ्या पायांशी येऊन थांबे.

म्हणून मी आरामखुर्ची घराबाहेर लिंबाखाली नेऊन पाहिली. परंतु सावली सरकली की खुर्ची सरकवावी लागे. चार तासांत खुर्ची सात वेळा उचलणे यास विश्रांती म्हणत नाहीत, हमाली म्हणतात. तेव्हा मी दोन महिने दर रविवारी जमिनीवर खुंट्या ठोकून सावलीचा तक्ता तयार केला. सात ते अकरा सलग सावली राहील अशी जागा झाडाच्या पश्चिमेस, आमच्या घराच्या भिंतीला समांतर, नेमकी सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद निघाली. त्या जागेवर दगडी कट्टा बांधावा, त्यास पाठ टेकण्यापुरता उतार द्यावा, आणि उरलेले आयुष्यभर रविवारी तेथे बसावे, असे मी ठरवले. नकाशा मी एक इंचास एक फूट या प्रमाणात काढला. कट्ट्याची क्षमता या सदरात मी ‘एक इसम’ असे लिहिले.

काम अल्लाउद्दीन गवंड्याला दिले. हा मनुष्य कसबी होता. त्याने बांधलेल्या दोन मोऱ्या मी स्वतः मापून पास केल्या होत्या. त्याने माझा नकाशा दोन्ही हातांनी आदराने घेतला, जमिनीवर पसरला, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर एक धोंडा ठेवला, आणि त्यानंतर काम संपेपर्यंत त्याकडे पाहिले नाही.

“कितीजणांनी बसायचं, साहेब?”

“एकाने.”

“एक म्हंजे एका टायमाला एक, का एकूण एक?”

“एकूण एक. मी.”

त्याने एकदा लिंबाकडे पाहिले. मग हळू आवाजात म्हणाला, “साहेब, रागावू नगासा. एका माणसाचं थडगं असतंय. कट्टा न्हाय.”

मी त्याला सांगितले की शास्त्र निराळे आणि समजूत निराळी. त्याने मान हलवली. आमच्याकडे गवंडी मान हलवतो तेव्हा तो होकार नसतो, मजुरी ठरल्याची खूण असते.

पाया खणल्याचा आवाज ऐकून गल्ली जमली. आमच्या गल्लीत कोणी सल्ला देण्यासाठी येत नाही. माणसे सहज येतात, सहज उभी राहतात, आणि मग त्यांना राहवत नाही. समोरच्या तालमीचे वस्ताद सयाजी लंगोटावर धोतर गुंडाळीत आले. देह असा की त्यांना सरळ रेषेत मोजायचे कोठून हा प्रश्न पडावा.

“दोन फूट रुंदी?” ते म्हणाले. “वरशेरसाहेब, माझा एक पाय बसंल त्यावर.”

“तुमचा पाय बसावा असा हेतू नाही, वस्ताद.”

“आवो, पाय बसला म्हंजे मी बसणारच की! पाय तितं आणि मी हितं, असं कसं हुईल?”

शेजारच्या चिमणाबाई पाण्याची घागर कमरेवर घेऊन परत येत होत्या. त्यांचे म्हणणे असे की कट्टा दीड फूट उंच न करता तीन फूट उंच करावा, म्हणजे त्यांना वाटेत न वाकता घागर टेकता येईल. कट्टा घागरींसाठी नसून बसण्यासाठी आहे, असे मी नम्रपणे सांगितले.

“बसायसाठी?” त्या म्हणाल्या. “मग घरात बसाय काय धाड भरलीया?”

हा प्रश्न त्यांनी आमच्या दारासमोर, आक्काच्या देखत विचारला. आक्काने आतून उत्तर दिले, “विचार, विचार. मला बी कळंना झालंय.”

पुढे चुना मळण्याची वेळ आली तेव्हा अल्लाउद्दीनने पाच शेर गूळ मागितला. चुन्यात गुळाचे पाणी घातल्याने बांधकाम पक्के होते अशी जुनी रीत आहे. माझ्या पुस्तकांत तिचा उल्लेख नव्हता. परंतु ज्या मोऱ्या मी पास केल्या होत्या त्यांतही गूळ होता, हे त्याने तेव्हाच सांगितले, आणि मी गूळ मंजूर केला. गुळाची ढेप आक्काच्या ताब्यात असे. तिने ती दिली, पण पुढचे तीन आठवडे मला भाकरीबरोबर गुळाचा खडा मिळाला नाही. मागितला तर ती बाहेर बोट दाखवी. “जा, दगुड चाट जा.”

सोमवारी मी कामावर गेलो आणि संध्याकाळी परत येऊन पाहतो तो सहा फुटांचा कट्टा नऊ फूट झालेला.

“दगडच मोठं निघालं, साहेब,” अल्लाउद्दीन म्हणाला. “चांगला घडीव दगुड फोडायचा म्हंजे पाप हाय.”

रुंदीही घराच्या बाजूने वाढून तीन फूट झाली होती. पाठीचा उतार मात्र कोठेच नव्हता. विचारल्यावर त्याने लिंबाकडे बोट दाखवले. “पाठ टेकायला झाड हाय की. देवानं फुकट दिलंय.”

तेव्हा मी हुकूम काढला की यापुढे माझ्या नजरेआड एकही दगड बसणार नाही. काम केवळ रविवारी, माझ्यासमोर होईल. त्याप्रमाणे पुढचे चार रविवार मी हातात ओळंबा घेऊन, सात ते अकरा, भर उन्हात उभा राहिलो. उन्हात का, तर सावलीच्या जागी कट्टा होत होता आणि तेथे गवंडी बसला होता. स्वस्थ बसण्याच्या तयारीत माझे सबंध तीन महिन्यांचे रविवार खर्ची पडले, हे मी वाचकांच्या नजरेस आणू इच्छितो.

पाचव्या रविवारी कट्टा तयार होता. मी सकाळी लवकर स्नान केले, धुतलेले धोतर नेसलो, सतरंजीची वळकटी काखेत मारली आणि बरोबर सातला दार उघडले.

कट्ट्यावर सहा माणसे आणि लिंबाला एक म्हैस होती.

म्हैस केरबा गवळ्याची. आमच्या गावात दूध घरी आणून तापवून पिणे हे आजाऱ्याचे लक्षण समजतात. धडधाकट माणूस म्हशीजवळ जातो, धार समोर काढून घेतो आणि फेसासकट पेला तोंडाला लावतो. केरबा आजवर गल्लीच्या तोंडाशी उभा राहत असे. आता त्याला बैठक मिळाली होती. तालमीतून घाम पुसत आलेले चार पैलवान, मध्यभागी स्वतः वस्ताद, आणि कडेला एक अनोळखी शेतकरी, असे सर्वजण पाय सोडून बसले होते. मी सतरंजी घेऊन समोर उभा राहिलो. माझ्या चेहऱ्यावरून पुरेसा बोध होईल अशी माझी अपेक्षा होती.

त्या अनोळखी शेतकऱ्याला माझी दया आली. तो किंचित सरकला आणि हाताने दगड पुसून म्हणाला, “या, बसा की पावणं. गावात नवं दिसतासा.”

हे गृहस्थ आकाराम, हातकणंगल्याकडचे. बाजाराला आले होते आणि बैल सोडून घटकाभर टेकले होते.

“हा कट्टा माझा आहे,” मी म्हणालो.

“व्हय की,” आकाराम प्रसन्नपणे म्हणाले. “तुमचाबी हाय, माझाबी हाय. बसा.”

केरबा म्हशीखालूनच बोलला, “साहेब, तुमचं लई उपकार झालं बघा. आधी गिऱ्हाईक हुबं ऱ्हायचं, घाई करायचं. आता बसतंय. आणि एकदा बसलं की दुसरा पेला मागतंय.” त्याने माझ्या हातात पेला दिला. मी उभ्यानेच तो तोंडाला लावला. दूध कोमट, घट्ट, वर बोटभर फेस. वास्तविक सावलीत बसून असाच घोट घ्यावा म्हणून मी तीन महिने खपलो होतो, आणि तो घोट उत्तम होता असे मला प्रामाणिकपणे नमूद करावे लागते. परंतु त्याच वेळी म्हशीने शेपूट फिरवली, ती माझ्या धुतलेल्या धोतरावर बसली, आणि सहाही माणसे ‘हां, हां’ म्हणून हसली. मी घरात परतलो.

“झालं व्हय बसून?” आक्काने विचारले. “मग ह्या शेंगा घे.”

पुढच्या रविवारी मी सहाला गेलो. कट्टा भरलेला होता. त्याच्या पुढच्या रविवारी पाचला गेलो. अंधुक उजेडात वस्ताद एकटेच तेथे जोर काढून बसले होते. “या, या,” ते म्हणाले. “तुमास्नीबी झोप लागंना व्हय? वय झालं की असंच हुतंय.” मी आल्या पावली परतलो. ज्या माणसाने आपल्या आयुष्यात शेकडो मजुरांना एका शब्दाने थांबवले, त्याला आपल्याच दारातल्या शेजाऱ्याला ‘उठा’ म्हणता येऊ नये, हा मध्यमवर्गाला मिळालेला खास शाप आहे. मजुराला बोलता येते, साहेबाला बोलता येते. शेजाऱ्याला बोलता येत नाही, कारण तो उद्याही शेजारीच असतो.

म्हणून मी पाटी लावली. सुवाच्य अक्षरांत, काळ्यावर पांढरी: ‘हा कट्टा खाजगी आहे. मालकाच्या परवानगीवाचून येथे बसू नये.’

आमच्या गल्लीवर कोणी काहीही आरोप करो, ती कायदा मोडणारी गल्ली नव्हे. रविवारी पहाटे साडेचारला दारावर थाप पडली. मी घाबरून उठलो. वस्ताद.

“बसू का?”

“काय?”

“पाटी हाय न्हवं? परवानगी पायजे म्हणून. बसू का?”

मी म्हणालो, “बसा.” दुसरे काय म्हणणार? अंथरुणात पडतो तो दुसरी थाप. केरबा, त्याने स्वतःसाठी आणि म्हशीसाठी वेगवेगळी परवानगी मागितली. त्यानंतर एकेक पैलवान. मग आकाराम, जे आता दर रविवारी येऊ लागले होते आणि ज्यांना मी अजूनही नवा पाहुणा वाटत होतो. मग चिमणाबाई घागरीसह. “माझी न्हाय, घागरीची परवानगी द्या. मी हुबीच ऱ्हाते.” सहा वाजेपर्यंत मी अकरा परवानग्या दिल्या होत्या आणि बयाबाई अंथरुणात उठून बसून म्हणत होत्या, “अहो, दार उघडंच ठेवा ना. किती वेळा उठता?”

पाटी मी त्याच दिवशी उतरवली. दारावरच्या थापा मात्र लगेच थांबल्या नाहीत. सभ्यपणाची सवय एकदा लागली की सुटत नाही.

आता एकच मार्ग उरला, तो म्हणजे कट्ट्यास लोखंडी कठडा आणि कुलूप. रस्त्यालगत कठडा घालण्यास परवाना लागतो. तो देणाऱ्या कचेरीचे नाव मी सभ्यतेखातर लिहीत नाही. मी रीतसर अर्ज केला. अर्जात मी काही लपवले नाही. कट्टा स्वतःच्या विश्रांतीसाठी बांधला असून दर रविवारी सकाळी सात ते अकरा या वेळेत त्यावर परक्या इसमांची अतोनात गर्दी होते, कधीकधी एक जनावरही असते, आणि अर्जदारास आपल्याच दारात उभे राहावे लागते, असे सविस्तर लिहिले. चार पाने झाली.

बाराव्या दिवशी तो अर्ज माझ्याच मेजावर आला. सोबत शेरा: ‘ओव्हरसियर यांनी स्थळपाहणी करून अभिप्राय द्यावा.’

आमचे कारकून कृष्णात समोर उभे होते. हा मनुष्य आपली प्रत्येक टाचणी मोजून ठेवणारा.

“कृष्णात,” मी म्हणालो, “या अर्जातला अर्जदार कोण आहे?”

“आपण, साहेब.”

“आणि अभिप्राय कोणी द्यायचा?”

“आपणच, साहेब.”

“हे योग्य नव्हे.”

“न्हायच,” कृष्णात म्हणाले. “तर तसा शेरा मारा, साहेब. पण शेरा मारायचा अधिकारबी आपलाच हाय. दुसरा वरशेर हायच कोण?”

मी वरिष्ठांस दोनदा लिहिले. दोन्ही पत्रे ‘ओव्हरसियर यांनी नियमाप्रमाणे करावे’ अशा शेऱ्यानिशी परत आली. नियमाप्रमाणे स्थळपाहणीची नोटीस अर्जदारास पाच दिवस आधी पोचली पाहिजे आणि तिची पोच घेतली पाहिजे. ज्याने आयुष्यभर इतरांना नियम लावले त्याने स्वतःच्या दारी ते शिथिल करावेत, हे मला पटेना. मी नोटीस लिहिली, शिक्का मारला आणि घरी पाठवली. संध्याकाळी घरी आलो तो ती आक्काच्या हातात.

“कुणाचं पत्र म्हणायचं हे?”

“माझे.”

“तुला आलंय ते कळलं. धाडलं कुणी?”

“मीच.”

आक्काने नोटीस माझ्या हातात दिली आणि आत वळून हाक मारली, “बया गं! येत्या रविवारी ह्याच्या डोस्क्यावर वाटीभर तेल थापून न्हाऊ घाल. लई ऊन लागलंय ह्याला.”

रविवारी मी कोट घालून, टेप घेऊन बाहेर आलो. स्थळपाहणी आहे म्हटल्यावर सगळी गल्ली मदतीला धावली. अर्जदाराविरुद्ध कोणाची तक्रार असल्यास सांगावी, असे मी नियमाप्रमाणे विचारले. चिमणाबाई म्हणाल्या, “अर्जदार कोण हाय?” मी म्हणालो, “मी.” त्या म्हणाल्या, “मग हाय. कट्टा दीड फूटच केला.” मी ते टिपून घेतले.

टेपचे एक टोक वस्तादांनी भिंतीशी धरले. आमच्या खरेदीखताप्रमाणे भिंतीपासून सहा फूट जागा आमची, त्यापुढे रस्ता. कट्ट्याची बाहेरची कड मी स्वतः सहा फुटांवर आखली होती. मी दुसरे टोक कडेला लावले आणि आकडा पाहिला. मग पुन्हा पाहिला.

सहा फूट नऊ इंच.

घराचे जोते, म्हणजे भिंतीखालचा दगडी चौथरा, भिंतीपेक्षा नऊ इंच पुढे आलेले आहे. कट्टा आखताना मी भिंतीऐवजी जोत्यापासून माप धरले होते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही मी ज्या चुकीबद्दल वर्गाबाहेर उभे केले असते, ती चूक मी माझ्या दारात, काळ्या दगडात, गूळ घालून पक्की केली होती. माझा कट्टा नऊ इंच सरकारी रस्त्यावर होता.

माझ्या चेहऱ्यावरून सर्वांनी ओळखले.

“नऊ इंच म्हंजे काय, एक वीत,” अल्लाउद्दीन हळूच म्हणाला. “कुणाला कळतंय, साहेब?”

“मला कळले आहे,” मी म्हणालो.

“टेप जरा ढिली धरली तर?” केरबाने सुचवले.

“ढिली धरली तर माप वाढते.”

“मग ओढतो की!” वस्ताद म्हणाले, आणि त्यांनी बाह्या सरसावल्या. “म्या ओढतो. नऊ इंच काय, फूटभर भरून काढतो. टेप तुटली तर दुसरी आणू.”

त्यांच्या बोलण्यात खोड काढण्यासारखे काही नव्हते. ते माझ्या बाजूने उभे होते. प्रथमच मला जाणवले की त्या मंडळींना माझी अब्रू वाचवायची आहे, आणि त्यामुळे मला अधिकच संताप आला. मी टेप गुंडाळली. त्या दिवशी दुपारी मी अभिप्राय लिहिला: ‘सदर बांधकाम नऊ इंच सार्वजनिक रस्त्यावर असून अर्जदाराची चूक अक्षम्य आहे. कठड्यास परवाना देऊ नये. बांधकाम पाडून टाकावे.’ खाली सही केली. नंतर मी ओसरीवर जाऊन बसलो, आणि आक्का शेंगांचे सूप घेऊन आली ती तशीच परत गेली. रविवारची विश्रांती गेली ती गेली. परंतु माझ्या मापाला आजवर कोणी बोट लावले नव्हते, आणि ते लावणारा मीच निघालो.

तीन आठवड्यांनी हुकूम आला. कृष्णातांनी तो उभ्याने वाचून दाखवला. कचेरीतल्या सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात, कारण त्यांना वाटले ही आनंदाची वार्ता आहे.

‘अर्जदाराने स्वतःविरुद्ध दिलेला अभिप्राय वाचून समाधान वाटले. कठडा नामंजूर. तथापि कट्ट्यावर लोकांची सोय होत असल्याचे, तसेच मालकाने किमान अकरा इसमांस स्वमुखे परवानगी दिल्याचे गल्लीकडून समजल्यामुळे, तो न पाडता सार्वजनिक म्हणून कायम करण्यात येत आहे. गर्दीची वेळ दर रविवारी सात ते अकरा असल्याचे अर्जदारानेच नमूद केले आहे. सबब ओव्हरसियर यांनी दर रविवारी त्याच वेळेत हजर राहून कट्ट्याची तपासणी करावी आणि विहित नमुन्यात अहवाल सादर करावा.’

“अभिनंदन, साहेब,” कृष्णात म्हणाले. “कट्टा वाचला की.”

माझा रविवार मी माझ्या हाताने, चार पाने लिहून, सरकारजमा केला होता.

पहिल्या तपासणीच्या दिवशी मी सातला दार उघडले. अंगात कोट, डोक्यास फेटा, हातात नमुना आणि पेन्सिल. मला पाहताच वस्ताद ओरडले, “उठा रं! सरकारी काम हाय!” आणि अकराच्या अकरा माणसे उठून उभी राहिली. केरबाने म्हैस सोडून पलीकडे नेली. चिमणाबाईंनी घागर उचलली. आकारामने दगड उपरण्याने पुसला आणि प्रथमच मला पावणं न म्हणता ‘साहेब’ म्हटले.

मी बसलो. नऊ फुटांच्या कट्ट्यावर, लिंबाच्या सावलीत, एकटा. सावली तक्त्याप्रमाणे नेमकी होती. दगड गार होता.

आणि अकरा माणसे हात बांधून माझ्याकडे पाहत होती.

मी पाय लांब केले. बावीस डोळे माझ्या पायांकडे गेले. मी पाठ झाडाला टेकली, एका पैलवानाने दुसऱ्याच्या कानात सांगितले, “बघ, झाडबी तपासत्यात.” अशा स्थितीत मी पाच मिनिटे काढली. मनुष्यप्राण्याला यापेक्षा अधिक अस्वस्थ करण्याची दुसरी रीत मला ठाऊक नाही.

“बसा हो,” मी शेवटी म्हणालो.

“न्हाय, न्हाय,” वस्ताद म्हणाले. “तपासणी हुंदे.”

“भार दिल्याशिवाय बांधकामाची चाचणी होत नसते,” मी चिडून म्हणालो. “तुम्ही बसला नाहीत तर मी लिहू काय?”

हे कारण त्यांना पटले. ती गर्दी पुन्हा कट्ट्यावर आली. वस्ताद माझ्या उजवीकडे बसले तेव्हा मी चार इंच डावीकडे सरकलो. आकाराम डावीकडे बसले तेव्हा दोन इंच परत आलो. केरबाने म्हैस आणली, पेला माझ्या हातात ठेवला. बोलणी सुरू झाली. म्हैस यंदा उशिरा विणार, कोणाचे तरी वांगे किडले, तालमीतली माती यंदा जरा कोरडी आहे, त्यात ताक जास्त घालावे की तेल. यात एकही गोष्ट महत्त्वाची नव्हती, एकही पुरी होत नव्हती, आणि कोणाला पुरी करण्याची घाई नव्हती. कोणाच्या तरी घरून कांदा-खोबरे भाजल्याचा वास येऊ लागला. आकाराम म्हणाले, “आता हे एक बरं हाय.” काय बरे आहे ते त्यांनी सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही. मी नमुन्यावर तारीख लिहिली.

नंतर आक्काचा आवाज ऐकू आला. “अरं, अकरा वाजलं! जेवाय येतोस का न्हाय?”

माझे डोके वस्तादांच्या खांद्यावर होते. फेटा आकारामच्या मांडीवर होता. पेला रिकामा होता. तो कोणी रिकामा केला याबद्दल माझ्यापाशी पुरावा नाही. आजूबाजूची माणसे दबक्या आवाजात बोलत होती, आणि वस्ताद, उजवा खांदा अजिबात न हलवता, डाव्या हाताने डोके खाजवत होते.

“किती वेळ?” मी विचारले.

“सवाआठपास्नं,” वस्ताद म्हणाले. “हललो न्हाय बघा. आता खांद्यात मुंग्या आल्यात. काय सापडलं का तपासणीत?”

मी फेटा बांधला, कपडे झाडले आणि घरात आलो. जेवण झाल्यावर नमुना पुढे घेतला. पायाची स्थिती: उत्तम. दगडांच्या सांध्यांतला चुना: पक्का. तपासणीची वेळ: सात ते अकरा. शेवटचा रकाना आढळलेल्या दोषांचा होता. मी एकतीस वर्षांच्या नोकरीत सरकारी कागदावर खोटे अक्षर लिहिलेले नाही. पेन्सिल पुन्हा टोकदार केली आणि लिहिले:

‘निरीक्षकास झोप लागते. कारण समजले नाही. दुरुस्ती सुचवीत नाही.’